बारा इंची चाक आणि आपला रस्ता

आजची पोस्ट जरा मोठी आहे. विषय वरवर गॅरेजचा वाटेल, पण आहे तो आपल्या सगळ्यांच्या खिशाचा. सवडीने वाचा.

तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात आठवडाभर बसलात तर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. जुनी ८०० किंवा अल्टो घेतलेला माणूस मिस्त्रीला विचारतो, "गाडी खाली लागते हो. तेराचं चाक टाकू का? शॉकअप बदलू का? कमी पैशात काय होईल?" मिस्त्री आपल्या परीने उत्तर देतो, गिऱ्हाईक खिशाच्या हिशेबाने ऐकतं. पण ही गाडी खाली लागते का, याचं उत्तर गॅरेजात नाही. ते गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे.

पंधरा, चौदा, बारा

आपल्याकडच्या गाड्यांची चाकं कशी बदलत गेली ते बघा. १९५० च्या दशकात अ‍ॅम्बेसेडर आली. ती मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनायची. चाक १५ इंची, मागे ट्रकसारखे पाटे. फियाट ११००, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, तर आपल्या मुंबईतल्या कुर्ल्याची. चाक १४ इंची, मागे पाटेच. दोन्ही गाड्या जड, पेट्रोल पिणाऱ्या, स्टेअरिंग फिरवताना खांदे दुखवणाऱ्या. पण खड्ड्यातून निघून जायच्या. आजही जुने ड्रायव्हर अ‍ॅम्बेसेडरची आठवण काढतात ती याच कारणासाठी.

मग १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. इंजिन ७९६ सीसीचं, वजन अ‍ॅम्बेसेडरच्या जवळपास निम्मं, आणि चाक १२ इंची. २०१४ पर्यंत ती बनत राहिली आणि २५ लाखांहून जास्त गाड्या देशात विकल्या गेल्या. मध्यमवर्गाला चार चाकं मिळाली ती या गाडीमुळे. मास्तर, तलाठी, मेडिकलवाला, किराणा दुकानदार, सगळ्यांच्या दारात ती उभी राहिली.

लहान चाकाचे फायदे खरे होते. चाक लहान की चाकाचा कप्पा लहान, म्हणजे आत बसायला जागा जास्त. टायर स्वस्त, वजन कमी, अ‍ॅव्हरेज चांगलं. तोटा एकच, पण आपल्या मुलखात तोच महागात पडणारा. साधी भूमिती आहे. रस्त्यात २५ सेंटिमीटर लांबीचा खोल खड्डा आहे असं धरा, वीतभरापेक्षा जरासा मोठा. अ‍ॅम्बेसेडरचं टायरसकट चाक सुमारे ६६ सेंटिमीटर व्यासाचं. ते त्या खड्ड्यात साधारण अडीच सेंटिमीटर उतरतं. ८०० चं चाक सुमारे ५१ सेंटिमीटरचं, ते सव्वातीन सेंटिमीटर उतरतं. खड्डा तोच, दणका जास्त. आणि तो दणका झेलायला गाडीत लोखंडही कमी.

एक गाडी शेतासाठी, एक शहरासाठी

लहान गाडी म्हणजे लहान चाकच, असा काही नियम नव्हता. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीच्या पिएर-जूल बुलांजे यांनी १९३० च्या दशकात आपल्या इंजिनियरांपुढे अट ठेवली होती. लाकडी बूट घातलेले दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे बाजारात नेता आले पाहिजेत, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडं फुटता कामा नये. १९४८ मध्ये ती गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात आली. नाव टूसीव्ही. इंजिन स्कूटरला शोभेल एवढं, दिसायला पत्र्याचं खोकं. पण चाकं मोठी, टायर अरुंद, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या स्प्रिंगा एकमेकींना जोडलेल्या. फ्रान्सच्या खेड्यातला रस्ता कसा आहे हे बघून ती बनवली होती.

अकरा वर्षांनी, १९५९ मध्ये, इंग्लंडात मिनी आली. सुएझच्या संकटात पेट्रोलचं रेशनिंग झालं होतं, म्हणून कमी पिणारी, तीन मीटर लांबीची गाडी हवी होती. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी तिला १० इंची चाकं दिली. ती डनलॉपकडून मुद्दाम बनवून घ्यावी लागली. स्प्रिंगच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांचे रबराचे कोन बसवले. गाडी गो-कार्टसारखी पळायची, रॅली जिंकायची. पण तिच्याखाली इंग्लंडचा डांबरी रस्ता होता.

दोन्ही गाड्या स्वस्त, दोन्ही अफाट गाजल्या. फरक एवढाच, की एकीने रस्ता वाईट आहे हे मान्य केलं आणि दुसरीने रस्ता चांगला आहे हे गृहीत धरलं. आपल्याला मिळालेली गाडी दुसऱ्या जातीची होती. रस्ता मात्र पहिल्या जातीचा.

जपानने काय केलं?

मारुती ८०० चं मूळ जपानच्या 'के' गाड्यांत आहे. युद्धानंतर तिथल्या सरकारने छोट्या गाड्यांचा वेगळा वर्ग केला. लांबी, रुंदी, इंजिन यांवर मर्यादा, बदल्यात करात सवलत. सुझुकी त्या वर्गातली जुनी कंपनी. आपली पहिली ८०० म्हणजे सुझुकीच्या अशाच एका गाडीची निर्यातीसाठी केलेली, मोठ्या इंजिनाची आवृत्ती.

मग जपानचे रस्ते आधीपासूनच गुळगुळीत होते का? अजिबात नाही. १९५६ मध्ये राल्फ वॉटकिन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली एक पथक जपान सरकारने बोलावलं. त्यांनी अहवालात स्पष्ट लिहिलं, की जपानचे रस्ते विश्वास बसणार नाही इतके वाईट आहेत, आणि कुठल्याच औद्योगिक देशाने रस्त्यांची इतकी हेळसांड केलेली नाही. पहिल्या दर्जाच्या राष्ट्रीय महामार्गांचाही तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग तेव्हा कच्चा होता.

पेट्रोलवरचा कर रस्त्यांसाठी राखून ठेवायचा कायदा जपानने १९५३ मध्येच केला होता. वॉटकिन्स अहवालानंतर कामाला वेग आला. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन नागोया ते कोबे हा मेइशिन द्रुतगती मार्ग बांधला. पहिला टप्पा १९६३ मध्ये सुरू झाला, पूर्ण रस्ता १९६५ मध्ये. म्हणजे ज्या काळात त्यांनी छोट्या चाकांची गाडी घराघरात पोचवली, त्याच काळात तिच्याखालचा रस्ताही बदलला.

आपण कर आधी भरला, रस्ता नंतर

आता आपला हिशेब. इथे आपल्या मराठी माणसाचं नाव येतं. १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने रस्त्यांसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोटारी वाढतायत, रस्ते झेपत नाहीत, म्हणून पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा फक्त रस्त्यांना द्या, अशी त्यांची शिफारस होती. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांचा कर सुरू झाला आणि केंद्रीय रस्ते निधी जन्माला आला. म्हणजे रस्त्यासाठी पेट्रोलवर पैसे मोजायची कल्पना आपल्याकडे जपानच्या चोवीस वर्षं आधीची. तो उपकर रूपं बदलत आजही आपण भरतो. शिवाय गाडी घेताना रोड टॅक्स. शिवाय टोल.

आणि रस्ता? मारुती १९८३ ला आली. राष्ट्रीय महामार्ग चौपदरी करायचा मोठा कार्यक्रम १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. खेड्यांना बारमाही रस्ता देणारी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये आली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला २००२ मध्ये. मधली पंधरा-सतरा वर्षं लाखो बारा इंची चाकं जुन्याच रस्त्यांवर आपटत होती. आणि महामार्ग सुधारले तरी गावातला रस्ता, तालुक्याचा रस्ता, बाजार समितीकडे जाणारा रस्ता यांचं काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. दर पावसाळ्यात खड्ड्यांची बातमी लिहितो. तारीख बदलायची, बाकी मजकूर तोच.

गॅरेजने शोधलेले उपाय

रस्ता बदलेना, म्हणून लोकांनी गाडी बदलली. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर बसवले. स्ट्रटखाली पॅकिंग देऊन गाडी उचलली. भंगारातून मोठ्या गाडीचं चाक आणून लावलं. टायर गोटा झाला की रिमोल्ड करून घेतला. या सगळ्याला हौस म्हणून हिणवू नका. मॅगव्हील लावून मिरवणारी पोरं वेगळी. बायको-पोरांना घेऊन दवाखान्यात जाताना गाडीचा चेंबर दगडाला लागू नये, एवढीच बहुतेकांची इच्छा असते.

कंपन्यांनाही हे कळलं. २००९ मध्ये आलेली पुण्यात घडलेली टाटा नॅनो बघा. चाक बाराच इंची, पण गाडीची पोटाखालची उंची १८० मिलिमीटर ठेवली होती. २०१५ ची रेनो क्विड १८० मिलिमीटर उंचीच्या जोरावर खपली. २०२१ ची टाटा पंच १८७ मिलिमीटर. आज छोटी गाडीसुद्धा जीपसारखी दिसते आणि जाहिरातीत खड्डे पार करताना दाखवतात. लोक तिला फॅशन म्हणतात. मला तो आपल्या रस्त्यांवर बाजाराने दिलेला अभिप्राय वाटतो. आणि त्या उंचीचे, मोठ्या चाकाचे, जाड टायरचे पैसे गाडीच्या किमतीत आपणच देतो.

कमी पैशात करायचंच असेल तर

ज्यांना नवी गाडी परवडत नाही त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आधी एक गैरसमज. बाराचं काढून तेराचं चाक लावलं की गाडी उंच होते, असं सगळे धरून चालतात. अल्टो ८०० चा टायर १४५/८० आर १२. १४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या ८० टक्के, १२ म्हणजे रिम. गणित केलं तर पूर्ण व्यास ५३७ मिलिमीटर येतो. तेरा इंचात सहज मिळणारा १५५/६५ आर १३ घ्या. व्यास ५३२. म्हणजे चाक "मोठं" लावून गाडी अडीच मिलिमीटर खाली आली! वर टायरची भिंत ११६ वरून १०१ मिलिमीटर झाली, म्हणजे गादी पातळ झाली. दणका अजून जास्त. पैसे खर्चून त्रास विकत घेतला.

उलट १५५/८० आर १३ घेतला तर व्यास ५७८ होतो. गाडी २० मिलिमीटर उचलली जाते खरी. पण स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की टायर घासू शकतो, पिकअप मरतो आणि मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४-६५ ने पळत असते. म्हणून टायरवाल्याकडे जाण्याआधी हे गणित कागदावर करा.

खर्चाचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि स्ट्रटच्या वरचं माउंटिंग तपासा. खडखड आवाज बहुतेक वेळा इथूनच येतो आणि हे सगळं तुलनेने स्वस्तात होतं. मग शॉकअप. तेल गळत असेल किंवा गाडी दाबून सोडल्यावर दोन-तीनदा झोके खात असेल तर बदला, आणि बदलताना पुढची जोडी किंवा मागची जोडी अशी एकत्रच बदला. थकलेल्या स्प्रिंगने गाडी बसलेली असेल तर मूळ मापाची नवी स्प्रिंगच गाडी तिच्या जागी आणते. बफरचा रबर हा त्याला पर्याय नाही. त्यानंतर टायर. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कायद्यानेच तो टायर चालत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. जुन्या बाजारातला टायर नक्षीला नवा आणि वयाने म्हातारा असू शकतो. शेवटी अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि हवा. आपल्या रस्त्यांना साधी लोखंडी रिमच बरी. वाकली तर ठोकून सरळ होते, मॅगव्हीलला तडा गेला की संपलं.

चाकाचा साइज बदलायचाच असेल तर कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेला साइज घ्या. स्पेसर लावून चाक बाहेर काढणं आणि स्ट्रटला पॅकिंग देणं टाळा. ब्रेक मारताना गाडी ओढते, बेअरिंग लवकर जातात.

कायदा कोणाला धरतो?

हा फक्त सल्ला नाही, इथे कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२ अ आलं. बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्याच दुरुस्तीत अजून एक कलम आहे, १९८ अ. त्याची चर्चा फार कमी होते. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड. नीट वाचा. गाडीवाल्याने पॅकिंग टाकलं की लगेच गुन्हा. रस्ता उखडला तर कोणीतरी मरावं किंवा अपंग व्हावं लागतं, मग हे कलम लागतं. मधल्या काळात वाकलेली रिम, फुटलेला शॉकअप आणि गेलेली कंबर आपली आपण बघायची.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटलं होतं, की चांगला रस्ता हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. मोठी गोष्ट आहे. गावागावांत लोकांना हे माहीत असायला हवं.

खड्डा कोण पाडतो?

अजून एक गोष्ट. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्या महिनोन्महिने फिरवून पाहिल्या. निष्कर्ष निघाला, की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. आपली ८०० चार माणसांसकट एका एक्सलवर अर्धा टन टाकते. भरलेल्या ट्रकचा एक्सल १० टन. वजन वीस पट, नुकसान अंदाजे १ लाख ६० हजार पट. मग ओव्हरलोड वाळूच्या डंपरचं काय विचारता? म्हणजे छोट्या गाडीवाल्याने खड्डा पाडलेला नाही. त्याने फक्त त्याचं बिल भरलंय.

गतिरोधकांचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय. ताशी २५ किलोमीटरने गाडी सहज वरून जावी असं ते माप आहे. अल्टोची पोटाखालची उंची १६० मिलिमीटर. नियमातला गतिरोधक तिला लागूच शकत नाही. लागतो तो रातोरात टाकलेला मुरूम-डांबराचा ढिगारा. एकदा टेप घेऊन आपल्या चौकातला गतिरोधक मोजा.

मग करायचं काय?

गाडी दुरुस्त करा, शंभर टक्के करा. जीव आपला आहे. पण त्या दुरुस्तीचं बिल जपून ठेवा. आपल्या रस्त्याच्या कामाला दोष दायित्व कालावधी किती आहे, म्हणजे किती वर्षं ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करून द्यायची आहे, ते माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये लागतात. कामाचा आदेश, रक्कम, मुदत या तीन गोष्टी मागा. मुदत शिल्लक असेल तर पुढचा अर्ज दुरुस्तीचा द्या, सोबत खड्ड्याचा फोटो आणि गॅरेजचं बिल जोडा, आणि पोच घ्या. एका माणसाचा अर्ज टेबलावर पडून राहतो. एकाच रस्त्याचे पन्नास अर्ज आणि पन्नास बिलं आली तर ती बातमी होते, आणि ती बातमी छापायची जबाबदारी माझी.

जयकर समितीने रस्त्याचे पैसे कुठून आणायचे ते शंभर वर्षांपूर्वी सांगितलं. ते पैसे आपण देतोय. पहिला अर्ज कुठल्या रस्त्याचा करायचा, ते सांगा.